वांग्यासारखी शिजवली की अळंबी रुसते

जळगावच्या भाजीबाजारात पूर्वी मशरूम म्हणजे एकच वस्तू होती: प्लास्टिकच्या डबीत बसवलेली पांढरी बटनं. आता त्याच गाळ्यावर कधी शिंपल्यासारखी धिंगरी दिसते, कधी मुठीएवढी दुधी अळंबी. मोठ्या दुकानात आणि मोबाइलवरून मागवायच्या यादीत तर सुकी शिताके आहे, किंग ऑयस्टर आहे, सुतळीच्या जुडीसारखी एनोकीसुद्धा आहे. लग्नाच्या जेवणात 'मशरूम मसाला' येऊन बरीच वर्षं झाली. तरी घरी आणली की बहुतेकांची तक्रार ठरलेली: रबरासारखी लागते आणि रस्सा पाणचट होतो.

माझी काकू चोपड्याची. तिच्यापुढे पहिल्यांदा धिंगरीचा झुपका ठेवला तेव्हा तिने तो बोटाने उलटा केला, खालच्या चुण्या निरखल्या आणि विचारलं, "हाई काय शे?" सगळा घोळ याच प्रश्नात आहे. ही वस्तू काय आहे ते कळलं की ती कशी शिजवायची ते बरंचसं आपोआप कळतं.

### झाड नाही, प्राणीही नाही

शिळ्या भाकरीवर पांढरा कापूस धरतो, तो आपण सगळ्यांनी पाहिलाय. अळंबी त्याच खानदानातली. या खानदानाला कवक म्हणतात. बुरशी, यीस्ट, भूछत्र सगळी त्यातच येतात. कवकाला हिरवी पानं नसतात, त्यामुळे उन्हावर स्वतःचं अन्न तयार करणं त्याला जमत नाही. पालापाचोळा, लाकूड, काड असं काही कुजवून ते त्यावर जगतं.

आणि आपण जी छत्री खातो, ती म्हणजे पूर्ण अळंबी नव्हेच. आंब्याचं झाड जमिनीखाली गाडलेलं आहे आणि वर फक्त कैरी आलीय अशी कल्पना करा. खरं शरीर म्हणजे मातीत किंवा काडात पसरलेलं सुतासारख्या तंतूंचं जाळं. छत्री हे त्याचं फळ, बीजाणू उधळण्यापुरतं वर आलेलं.

### वांगं गळतं, मग अळंबी का गळत नाही?

तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताचं वांगं भाजताना काय होतं ते आठवा. बाहेरून साल करपते आणि आतला गर लोण्यासारखा होतो. वनस्पतीच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा पेक्टिन नावाचा डिंक असतो, तो उष्णतेने विरघळतो. म्हणून वांगं गळतं, दुधी भोपळा गळतो, बटाटा फुटतो.

अळंबीत हा डिंक नसतो. तिच्या पेशींच्या भिंतीत असतं कायटिन. झिंग्याचं आणि खेकड्याचं कवच, झुरळाची पाठ ज्याने कडक होते तेच द्रव्य. (हे वाक्य जेवताना कुणाला ऐकवू नका.) कायटिन चुलीवरच्या उष्णतेला दाद देत नाही. म्हणून अळंबी दहा मिनिटं शिजवा की चाळीस मिनिटं, तिचा लगदा होत नाही, दाताखाली ती ठाम राहते. वांगं चार मिनिटं जास्त राहिलं तर भाजीचं पिठलं होतं. अळंबीला जास्त शिजण्याचं भय जवळजवळ नाहीच.

मग ती रबरासारखी का होते? बहुतेक वेळा ती जास्त शिजलेली नसते, अर्धवट शिजलेली असते. स्वतःच्याच पाण्यात उकडून निघालेली, पण भाजली न गेलेली.

### आधी पाणी घालवा, मग मसाला

ताज्या अळंबीत सुमारे 90 टक्के पाणी असतं. 200 ग्रॅमची डबी आणली तर त्यात जवळपास 180 ग्रॅम पाणी आणि उरलेली 20 ग्रॅम अळंबी. हे पाणी स्पंजासारखं धरून ठेवलेलं असतं, आणि तव्याची धग लागली की एकदम सुटतं.

आता कढईतलं गणित. पाणी 100 अंशांना उकळतं. कढईत पाणी आहे तोवर अळंबीचं तापमान त्याच्या फारसं वर जात नाही. आणि खमंगपणा, म्हणजे भाकरीला डाग पडताना येतो तो वास, साधारण 140 अंशांच्या पुढे सुरू होतो. पाणी आटल्याशिवाय खमंगपणा नाही, इतकं हे सरळ आहे.

मी पहिल्यांदा काय केलं ते सांगतो. शेवभाजीचा रस्सा करतो तसा काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा केला, चिरलेली बटनं त्यात टाकली, मीठ घातलं, वर झाकण. वीस मिनिटांनी उघडलं तर तर्री गायब आणि करड्या पाण्यात तरंगणारी गुळगुळीत बटनं. मीठ पाणी ओढून काढतं, झाकण वाफ अडवतं. दोन्ही गोष्टी नको तिथे केल्या होत्या.

आता असं करतो. लोखंडी तवा किंवा पसरट कढई चांगली तापवायची. अळंबी जाड चिरायची, बोटाच्या पेरापेक्षा बारीक नको. ती एका थरात पसरायची. ढीग केला की खालची भाजते, वरची उकडते. सुरुवातीला तेल घालायचंही नाही, फार तर चमचाभर पाणी शिंपडायचं. दोन-तीन मिनिटांत ती पाणी सोडते, चुरचुर आवाज येतो, आकार अर्ध्यावर येतो. आवाज थांबेपर्यंत हलवत बसू नका. तव्यावर पाणी दिसेनासं झालं आणि आवाज बदलून कोरडा झाला की मग शेंगदाण्याचं तेल, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची. कडा तांबूस झाल्या की मीठ. रस्सा करायचा तर तो वेगळा उकळून त्यात ही भाजलेली अळंबी शेवटी सोडायची. शेव जशी वाढताना घालतो, तसंच.

तेल आधी घातलं तर काय बिघडतं? अळंबीत हवेच्या पोकळ्या असतात, त्या आधी तेल पितात. तुम्ही आणखी ओतता. नंतर ती आकसली की सगळं तेल ओकते आणि भाजी तेलात पोहते. पाणी आधी घालवलं की पोकळ्या मिटलेल्या असतात. निम्म्या तेलात काम होतं.

### 'मटणासारखी' चव येते कुठून?

अळंबी खाऊन काहीजण म्हणतात, हे तर मटणासारखं लागतं. यात कल्पनेचा भाग कमी आहे. गोड, आंबट, खारट, कडू याखेरीज एक पाचवी मूळ चव आहे. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने 1908 मध्ये समुद्री शेवाळाच्या कढणातून ती वेगळी काढली आणि तिला उमामी म्हटलं. मराठीत तिला 'रस्सा मुरल्याची चव' म्हणावं असं मला वाटतं. मटणाच्या रश्श्यात ती असते, पिकलेल्या टोमॅटोत असते आणि अळंबीतही असते.

पुढे 1957 मध्ये अकिरा कुनिनाका या दुसऱ्या जपानी संशोधकाला शिताकेत याच चवीचं आणखी एक द्रव्य सापडलं. गंमत अशी की ही दोन प्रकारची द्रव्यं एकत्र आली की चव बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. सुकी शिताके आणि टोमॅटो एका भांड्यात घातले की साध्या वरणालाही हाडाच्या रश्श्यासारखा दम येतो तो यामुळे.

आणि आपला खान्देशी काळा मसाला? खोबरं, कांदा, लवंग, दालचिनी यांच्यासोबत त्यात दगडफूल असतं. दगडफूल म्हणजे कवक आणि शैवाल यांचा एकत्र संसार. म्हणजे 'आम्ही असलं बुरशीचं काही खात नाही' म्हणणाऱ्या घरातही मसाल्याच्या डब्यात कवक पिढ्यान्‌पिढ्या बसलेलं आहे.

### कोणती कशी खावी

बटन. पांढरं बटन, तपकिरी बटन आणि थाळीएवढं पोर्टोबेलो ही तिन्ही एकाच जातीची, रंग आणि वय वेगळं. जास्त पैसे देऊन तपकिरी घेतलं तर चव किंचित गडद मिळते, बाकी फरक नाही. डबी घरी आणली की वरचा प्लास्टिक कागद काढून कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. प्लास्टिकमध्ये तिला घाम येतो आणि ती चिकट होते. चिकट झालेली टाकून द्या.

धिंगरी. माझ्या मते खान्देशी स्वयंपाकाला सगळ्यांत जवळची हीच, म्हणून हिच्याबद्दल जरा लांबड लावतो. इंग्रजीत हिला ऑयस्टर म्हणतात, आकार शिंपल्यासारखा म्हणून. ही चिरायची नाही, चुण्यांच्या दिशेने हाताने फाडायची. उकडलेल्या कोंबडीसारख्या लांब चिंध्या निघतात. झुपक्याचं बूड चिवट असतं, ते काढून टाका. फाडलेल्या कडा ओबडधोबड असतात, म्हणून तव्यावर त्या कुरकुरीत होतात आणि मसाला धरून ठेवतात.

दुसरी रीत म्हणजे अख्खा झुपका तापलेल्या तव्यावर ठेवून वर जड पातेलं ठेवायचं. पाच मिनिटांनी उलटायचा, पुन्हा दाबायचा. दोन्ही बाजूंनी तांबूस झाला की लाकडी मुसळीने जरासा ठेचून त्यात भाजलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि कोथिंबीर. भरताचा सगळा साज, फक्त वांगं नाही. कळण्याच्या भाकरीबरोबर खाल्लं तेव्हा काकू बोलली काहीच नाही, दुसरी भाकरी मात्र घेतली. तरीही याला भरीत म्हणायला तिची तयारी नाही, आणि तिचं बरोबर आहे. भरीत वांग्याचंच.

किंग ऑयस्टर. जाड पांढरा दांडा, वर नावाला टोपी. इथे दांडाच खायचा. अर्धा इंच जाडीच्या चकत्या करून दोन्ही बाजूंना चौकडीचे उथळ चिरे द्या, म्हणजे पाणी लवकर निघतं आणि मसाला आत शिरतो. वांग्याच्या कापांसारख्या तव्यावर लावा.

शिताके. ताजीपेक्षा सुकी घ्या. रात्रभर थंड पाण्यात भिजवा. टोपी मऊ होईल, दांडा होणार नाही, तो कापून रश्श्यात उकळून काढून टाका. भिजवलेलं पाणी चहासारखं तांबूस होतं, चवीचा अर्क तोच. तळाचा गाळ सोडून ते वरणात किंवा रश्श्यात घाला. एक इशारा: शिताके कच्ची किंवा अर्धकच्ची खाल्ली तर काही लोकांच्या अंगावर चाबकाचे वळ उठल्यासारखे लाल पट्टे येतात. नीट शिजवली की तो धोका राहत नाही.

एनोकी. अंधारात आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असलेल्या हवेत वाढवल्यामुळे ती अशी लांब आणि फिकट होते, कांद्याला अंधारात फुटलेल्या कोंबासारखी. बूड कापून जुडी मोकळी करायची. व्हिडिओत लोक ती सॅलडमध्ये कच्ची घालतात, ते करू नका. 2020 मध्ये अमेरिकेत आयात केलेल्या एनोकीतून लिस्टेरिया या जिवाणूची साथ आली होती. रश्श्यात उकळून खा.

गुच्छी. ही हिमालयातल्या जंगलातली, मधाच्या पोळ्यासारख्या खळ्यांची आणि किलोला हजारो रुपये भावाची. कुणी भेट दिली तर खळ्यांतली वाळू नीट धुवा. कच्ची विषारी असते. पुलावात तिचं चीज होतं; आपल्या काळ्या मसाल्यात घातली तर तिची चव हरवते आणि पैसे वाया.

### "पण आमच्यात अळंबी चालत नाही"

ज्यांच्या घरी धर्माने वर्ज्य आहे त्यांच्याशी वाद नाही. जैन घरांत ती खात नाहीत. पण 'ती मांसाहारी आहे म्हणून' हे कारण टिकत नाही. कवकाला रक्त नाही, मज्जातंतू नाहीत. जुना निषेध होता हे मात्र खरं. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात वर्ज्य पदार्थांच्या यादीत कवक येतं, आणि त्याच ओळीत लसूण आणि कांदाही येतो. लसणाच्या ठेच्याशिवाय ज्यांचा घास उतरत नाही अशा खान्देशी माणसाने त्या ओळीतलं एकच नाव निवडून पाळायचं, हे मला जरा अवघड वाटतं.

### "शेणात उगवते ना ती?"

बटनासाठी काड आणि बहुधा कोंबडीखत कुजवून कंपोस्ट करतात हे खरं आहे. पण ते वाफेने तापवून जंतू मारल्यानंतरच त्यात बी पेरतात. धिंगरी तर निर्जंतुक केलेल्या गव्हाच्या, भाताच्या किंवा सोयाबीनच्या काडावर येते. आपल्या वांग्याला आणि केळीलाही शेणखत लागतंच की.

धुवायची का? खुशाल धुवा. 'धुतली तर पाणी पिते' हे फार वाढवून सांगतात. ती आधीच पाण्याने भरलेली आहे, नळाखाली झटपट खळबळली तर आणखी थोडंसंच शिरतं. भिजत मात्र ठेवू नका, आणि धुतल्यावर लगेच शिजवा.

### "मटणाएवढी प्रथिनं असतात म्हणे"

नाही. हा आकडा वाळवलेल्या अळंबीचा असतो आणि जाहिरातीत ताजीला चिकटवलेला असतो. 100 ग्रॅम ताज्या अळंबीत साधारण 3 ग्रॅम प्रथिनं. 100 ग्रॅम कच्च्या तूरडाळीत सुमारे 22 ग्रॅम. प्रथिनांसाठी नवापूरची तूरडाळ खा, अळंबी चवीसाठी खा.

एक गुण मात्र खरा आणि आपल्या उपयोगाचा. माणसाच्या कातडीसारखंच अळंबीतही उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होतं. शिजवण्याआधी चुण्यांची बाजू वर करून दुपारच्या उन्हात अर्धा तास ठेवा. ऊन ही एकच गोष्ट आपल्याकडे फुकट आणि गरजेपेक्षा जास्त आहे.

काहींना अळंबीने पोट फुगतं. त्यातली ट्रेहलोज नावाची साखर पचवणारा रस काही लोकांच्या आतड्यात कमी असतो. पहिल्यांदा खाताना थोडीच खा.

### सातपुड्यातली फुकटची अळंबी

पहिल्या पावसानंतर सातपुड्यात वारुळांच्या आसपास अळंबी उगवते. तिची कथा विलक्षण आहे. वाळवी काडी-कचरा चावून वारुळाच्या आत चक्क बाग करते, त्या बागेत कवक वाढवते आणि तेच खाते. पाऊस पडला की त्या बागेतून लांब मुळासारखा दांडा माती फोडून वर येतो. वाळवीशिवाय हे कवक जगत नाही, म्हणून या अळंबीची शेती होत नाही. ती ओळखण्याचं ज्ञान डोंगरातल्या भिल्ल-पावरा माणसांकडे पिढ्यांचं आहे. ते पुस्तकातून किंवा मोबाइलवरच्या फोटोतून येत नाही.

म्हणून स्पष्ट सांगतो: अनोळखी भूछत्र तोडून शिजवू नका. शिजताना चांदीचं नाणं काळं पडलं तर विषारी, लसूण निळा झाला तर विषारी, किड्याने खाल्लेली असेल तर चांगली, या सगळ्या समजुती खोट्या आहेत. पावसाळ्यात हिरवळीवर उगवणारी पांढरी, तपकिरी खवल्यांची मोठी छत्री दिसायला अगदी खाण्याजोगी असते. मोठी झाल्यावर तिच्या चुण्या हिरवट होतात, आणि ती खाल्ली तर उलट्या-जुलाब ठरलेले. याहून घातक जातींचं विष उकळून किंवा वाळवून जात नाही. सहा-बारा तास किंवा त्याहूनही जास्त काही जाणवत नाही, मग उलट्या-जुलाब, मग दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, आणि त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं. बरं वाटलं म्हणून घरी थांबू नये. उरलेली अळंबी सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.

### मे महिन्यात काय करायचं?

'ही थंड हवेची चीज, आपल्या 45 अंशांत कशी पिकणार?' हा प्रश्न शेतकरी विचारतातच. हिमाचलातल्या सोलनला भारताची मशरूम सिटी म्हणतात; अळंबीची राष्ट्रीय संशोधन संस्थाही तिथेच आहे. बटनाला ती थंडी लागते, त्यामुळे खान्देशात वातानुकूलित खोलीशिवाय बटन नको. धिंगरीला 20 ते 30 अंश पुरतात, म्हणजे आपला हिवाळा. बी ज्वारीच्या किंवा गव्हाच्या उकडलेल्या दाण्यांवर वाढवलेलं मिळतं. काड भिजवून निर्जंतुक करायचं, पिशव्यांत भरताना त्यात हे बी थर देऊन पेरायचं आणि पिशव्या सावलीत टांगायच्या. तीन-चार आठवड्यांत पहिली तोडणी.

माझ्या पुतण्याने होळीनंतर पिशव्या टांगल्या. पांढरं जाळं सुरेख पसरलं, टाचणीच्या टोकाएवढे कोंबही आले, आणि पत्र्याच्या शेडमध्ये दोन दिवसांत वाळून काळे पडले. आता तो दुधी अळंबी लावणार आहे. ही जात बंगालमधली, 1974 मध्ये पहिल्यांदा नोंदलेली. पुढे कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाने तिची शेती रुळवली. तिला 30 ते 35 अंश आवडतात, मात्र हवेत भरपूर ओलावा लागतो. म्हणून या वेळी शेडच्या चारी बाजूंनी गोणपाट लागलंय, आणि ते दिवसातून चार वेळा ओलं करण्याचं काम काकूने स्वतःकडे घेतलंय.